स्थानिक युवा परिषद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युवा परिषदेत यावंसं वाटणारी मुलंमुली, त्यांचे पालक आणि नवी परिषद सुरू करू पाहणारे कार्यकर्ते यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम ठिकाणागणिक बदलतात, म्हणून आपल्या परिषदेची नियमावली आधी मागून घ्या आणि शेजारी ठेवून हे वाचा.

युवा परिषद म्हणजे नेमकं काय?

गावाचा किंवा शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला तरुणांच्या वतीने सल्ला देणारं मंडळ. सदस्य बहुधा १० ते ३० असतात, महिन्या-दोन महिन्यांतून एक सभा होते. क्रीडांगणं, बस, वाचनालय, रस्त्यावरची सुरक्षितता, समुपदेशनाची सोय असे विषय चर्चेला येतात. बहुतेक ठिकाणी अंतिम निर्णय परिषदेच्या हातात नसतो. परिषद ठराव करते आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवते.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधल्या शिल्टिगहाइम शहरात १९७९ साली मुलांची नगरपरिषद सुरू झाली. फिनलंडमध्ये २०१५ च्या आणि नॉर्वेमध्ये २०१८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना अशी परिषद नेमणं बंधनकारक झालं. फिलिपिन्समध्ये त्याहून पुढची व्यवस्था आहे: तिथल्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाच्या सर्वसाधारण निधीतला १० टक्के वाटा कायद्यानेच युवा परिषदेसाठी राखलेला असतो.

फक्त सल्लाच द्यायचा, तर उपयोग काय?

सल्ल्याला वजन दोन गोष्टींनी येतं. एक, तुमच्याकडची माहिती कार्यालयातल्या माहितीपेक्षा ताजी आणि नेमकी असणं. दोन, तुमच्या ठरावाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देण्याची सक्ती असणं. यातली पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे. दुसरी नियमावलीत असायला हवी आणि नसेल तर तुमचा पहिला ठराव त्यासाठीच असावा: 'परिषदेच्या प्रत्येक ठरावावर ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि ठराव नाकारल्यास कारण नमूद करावे.' हे कलम असलेली लहानशी परिषद मोठा निधी असलेल्या पण उत्तर न मिळणाऱ्या परिषदेपेक्षा जास्त कामं करून घेते, असं आमचं ठाम मत आहे. नकारसुद्धा लेखी मिळाला की त्यातलं कारण दूर करून तोच विषय पुन्हा मांडता येतो. 'बघू' या उत्तराचं मात्र काहीच करता येत नाही.

मला अजून मताचा अधिकार नाही. माझं कोण ऐकेल?

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ मध्ये मंजूर झाला. त्याच्या १२ व्या कलमानुसार मुलांना त्यांच्यावर परिणाम करणाऱ्या बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यायचं आहे. मतदानाच्या वयाचा त्याच्याशी संबंध नाही. 'मोठे व्हा, मग बोला' असं कुणी म्हटलं तर वाद न घालता हे कलम दाखवा.

वयाची अट काय असते?

ज्याची त्याची वेगळी. ब्रिटनच्या युवा संसदेत ११ ते १८ वर्षांची मुलं असतात. फिलिपिन्समध्ये १५ ते ३० वयाचे तरुण मत देतात, पण उमेदवार १८ ते २४ वयाचा लागतो. स्थानिक परिषदांत १२ ते १८ किंवा १४ ते २५ हे टप्पे बरेचदा दिसतात.

वयाचा टप्पा फार रुंद ठेवला की अडचण होते. २४ वर्षांचा सदस्य तयारीने बोलतो आणि १३ वर्षांची मुलगी तीन सभांनंतर यायचीच थांबते. अशा परिषदेत १६ वर्षांखालच्या सदस्यांनी आधी अर्धा तास वेगळं बसून आपलं म्हणणं ठरवावं आणि मुख्य सभेत पहिली बोलण्याची पाळी त्यांचीच ठेवावी. फरक लगेच जाणवतो.

सदस्य कसं होता येतं?

तीन वाटा आहेत: निवडणूक, अर्ज करून निवड, किंवा शाळा-महाविद्यालय-संस्थेकडून नियुक्ती. शिवाय एखादा गट सुटून गेला असेल तर काही परिषदा त्यातले दोन-तीन स्वीकृत सदस्य, म्हणजे परिषदेने स्वतः नेमलेले सदस्य, घेतात. कुठल्याही वाटेने गेलात तरी वयाचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. १८ वर्षांखालच्यांना पालकांचं संमतिपत्रही द्यावं लागतं. अर्ज बाद होण्याचं सर्वांत मोठं कारण हे संमतिपत्र राहून जाणं हेच आहे, तेव्हा अर्ज हातात आल्या दिवशीच सही घेऊन ठेवा.

अर्जात 'मला समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण लिहितो, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही. त्याऐवजी तुमच्या भागातला एकच प्रश्न घ्या. तो कुठे आहे, किती जणांना भोगावा लागतो, तुम्ही स्वतः काय पाहिलंत, कोणत्या खात्याचा विषय आहे, हे आठ-दहा ओळींत लिहा. शेवटी महिन्यात कोणत्या दिवशी, किती तास देऊ शकाल ते खरं खरं सांगा. चार गुण असलेल्या पण वेळ नसलेल्या उमेदवारापेक्षा नियमित येणारा उमेदवार निवड समितीला हवा असतो.

निवडणूक लढवायची तर भाषण कसं करू?

दोन मिनिटं मिळतात असं धरा. शांतपणे बोललं तर त्यात साधारण २२० ते २५० शब्द बसतात. मुद्दे तीनच. त्यातला एक तरी असा हवा की वर्षभरात होऊ शकेल. जे परिषदेच्या अखत्यारीत नाही त्याचं आश्वासन देऊ नका. परीक्षा रद्द करणं किंवा फी कमी करणं युवा परिषदेच्या हातात नसतं आणि हे मतदार मुलांना चांगलं कळतं. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने म्हणून पाहा.

अभ्यास सांभाळून जमेल का?

महिन्याला सहा ते आठ तास धरून चाला: दोन तासांची सभा, एका उपसमितीची बैठक, सभेआधीचं वाचन आणि थोडं प्रत्यक्ष फिरणं. अध्यक्ष आणि सचिव यांना याच्या दुप्पट वेळ लागतो. वर्षाच्या पहिल्याच सभेत सर्वांच्या परीक्षांच्या तारखा एका कॅलेंडरवर मांडा आणि त्या आठवड्यांत सभा ठेवूच नका. हे न केल्यामुळे परीक्षेच्या महिन्यात गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाही, सभा तहकूब होते, आणि नेमका तोच महिना अर्थसंकल्पाच्या तयारीचा असतो.

सभेत काय काय होतं? मला त्यातलं काहीच माहीत नाही.

सभेची सूचना आणि विषयपत्रिका किमान सात दिवस आधी मिळते. सुरुवातीला हजेरी आणि गणपूर्ती पाहतात. नियम निम्म्याहून अधिक सदस्यांचा असेल तर १५ जणांच्या परिषदेत आठ जण हवेत. मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतात, झालेल्या कामांचा आढावा घेतात, नवे विषय घेतात, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. ठरावाला एक सूचक (मांडणारा) आणि एक अनुमोदक (पाठिंबा देणारा) लागतो.

नव्या सदस्यांची एक चूक नेहमीची: महत्त्वाचा विषय आयत्या वेळी मांडणं. त्या वेळी सगळे उठायच्या बेतात असतात, कागद कुणीच वाचलेले नसतात, आणि विषय 'पुढच्या सभेत पाहू' म्हणून ढकलला जातो. विषय सचिवाकडे दहा दिवस आधी लेखी द्या, म्हणजे तो पत्रिकेवर छापून येतो.

इतिवृत्त म्हणजे कोण काय बोललं याची गोष्ट नव्हे. प्रत्येक निर्णयापुढे तीन रकाने पुरतात: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. 'सर्वांनी मिळून करावे' असं लिहिलेलं काम कुणीच करत नाही. प्रत्येक ओळीत एकच नाव हवं. इतिवृत्त ४८ तासांच्या आत सर्वांना पाठवा, कारण आठवड्याने कुणाला काय कबूल केलं ते आठवत नाही.

चारचौघांत बोलायची भीती वाटते.

तरीही या. परिषदेला मोजणी करणारे, इतिवृत्त लिहिणारे, हिशेब ठेवणारे, पत्रं तयार करणारे लोक वक्त्यांपेक्षा जास्त लागतात. बोलायचंच असेल तर पहिल्या सभेत एक प्रश्न लिहून न्या आणि तेवढाच विचारा. अध्यक्षांनीही काळजी घ्यावी: चर्चा उघडण्याआधी सर्वांना दोन मिनिटं चिठ्ठीवर आपलं मत लिहू द्या, मग क्रमाने एकेकाला वाचायला सांगा. हात वर करणाऱ्यांनाच बोलू दिलं तर तेच चार आवाज वर्षभर ऐकू येतात.

पहिला विषय कोणता घ्यावा?

असा, की ज्याचं उत्तर सहा महिन्यांत हो किंवा नाही असं मिळू शकेल. निवडताना तीन गोष्टी तपासा. हे काम आपल्याच स्थानिक संस्थेच्या अखत्यारीत आहे का? ते ज्याच्या सहीने होतं तो अधिकारी कोण? आणि झालं की नाही हे डोळ्यांनी दिसेल का? 'तरुणांमधली व्यसनं' हा विषय मोठा आणि खरा आहे, पण पहिल्या वर्षाचा नाही. 'वाचनालयाची अभ्यासिका रात्री आठऐवजी दहापर्यंत उघडी ठेवावी' हा आहे.

माहिती गोळा करायची म्हणजे नक्की काय करायचं?

समजा शाळेसमोर रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे. 'वाहनं फार वेगात येतात' हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं आणि ते वाचून कुणी हलत नाही. त्याऐवजी असं करा. शाळा सुटण्याआधीची १० आणि नंतरची २० मिनिटं, असा अर्ध्या तासाचा अवधी ठरवा. रस्त्याच्या कडेला, फूटपाथवर, दोन-दोन जणांच्या दोन जोड्या उभ्या करा. एका जोडीने दर पाच मिनिटांच्या चौकटीत किती मुलांनी रस्ता ओलांडला याच्या उभ्या रेघा मारायच्या. दुसरीने किती वाहनं गेली आणि त्यातली किती मुलांसाठी थांबली हे मोजायचं. हेच तीन वेगवेगळ्या दिवशी करा, सुट्टीला लागून आलेले दिवस टाळा. सोबत एक मोठी व्यक्ती हवीच. कागदावर दिनांक, वेळ, हवामान आणि मोजणाऱ्यांची नावं लिहा. झेब्रा पट्टे पुसट झाले असतील तर फोटो घ्या, फोटोत जवळची एखादी ओळखू येणारी खूण येऊ द्या, पण मुलांचे चेहरे नकोत. दिवा बंद असेल तर खांबाचा क्रमांक टिपा, कारण दुरुस्ती करणारा माणूस त्याच क्रमांकाने खांब शोधतो.

हा एक तक्ता निवेदनाला जोडला की चर्चा 'प्रश्न आहे का' यावरून 'उपाय कोणता' यावर येते.

सर्वेक्षण करावं का? किती जणांचं?

करावं, पण आधी पाच जणांवर प्रश्नावली वापरून पाहा. त्यांना जो प्रश्न दोनदा वाचावा लागतो तो बदला. एकूण प्रश्न दहाच्या आत ठेवा. 'क्रीडांगणाची दुरवस्था तुम्हाला मान्य आहे का?' हा प्रश्न उत्तर तोंडात घालतो. 'गेल्या महिन्यात तुम्ही क्रीडांगणावर किती वेळा गेलात? गेला नसाल तर का?' हा माहिती देतो.

चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १०० जणांना विचारलं तर टक्केवारीत साधारण १० अंकांचा इकडेतिकडे फरक पडू शकतो, ४०० जणांना विचारलं तर साधारण पाचचा. मोबाईलवर लिंक फिरवून आलेल्या उत्तरांना हा हिशेब लागू होत नाही, कारण ती तुमच्या ओळखीतल्या लोकांची असतात. अशी ६०० उत्तरं आली तरी 'शहरातले ८० टक्के तरुण' असं लिहू नका. 'उत्तर देणाऱ्या ६०० पैकी ४८०' असं लिहा. एकदा आकडा फुगवलेला सापडला की पुढचा खरा आकडाही कुणी मानत नाही.

निवेदन कसं लिहायचं आणि कुठे द्यायचं?

एक पान, एक मागणी. वर विषय एका ओळीत, मग तीन-चार ओळींत परिस्थिती, मग आकडे, मग नेमकी मागणी, अंदाजे खर्च, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख. तक्ते आणि फोटो स्वतंत्र जोडा. पाच मागण्या एकत्र दिल्या तर कार्यालय त्यातली सर्वांत सोपी पूर्ण करून निवेदन निकाली काढतं.

संबंधित खात्याच्या आवक-जावक टेबलावर निवेदन द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. पोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं धरलं जातं. पुढाऱ्यांना निवेदन देतानाचा फोटो छान येतो, पण फोटोला आवक क्रमांक नसतो.

वेळ फार महत्त्वाची. पैसे लागणारं काम अर्थसंकल्प मंजूर होण्याच्या चार ते सहा महिने आधी खात्याकडे पोचलं पाहिजे, तेव्हाच ते मागणीच्या यादीत चढतं. मंजुरीनंतर गेलात तर 'तरतूद नाही' हे उत्तर येतं, आणि ते खरंच असतं. खर्चात देखभाल धरायलाही विसरू नका. व्यायामाची साधनं बसवायला निधी मिळतो, पण दोन वर्षांनी नटबोल्ट बदलायचे कुणी हे न ठरल्यामुळे ती गंजून बंद पडतात, आणि पुढच्या परिषदेला तेच उदाहरण ऐकवलं जातं.

उत्तरच आलं नाही तर?

१५ व्या दिवशी आवक क्रमांक सांगून फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. ३० व्या दिवशी लेखी स्मरणपत्र द्या, मूळ निवेदनाची प्रत जोडून. ४५ व्या दिवशी वरिष्ठांना पत्र लिहा आणि पुढच्या सभेत त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना निमंत्रण द्या. भाषा सौम्य, तारखा स्पष्ट. प्रत्येक फोनची नोंद ठेवा: दिवस, कोणत्या पदावरची व्यक्ती, काय म्हणाली. पाठपुरावा एकाच सदस्याकडे असावा, नाहीतर तिघं तीनदा विचारतात आणि तीन वेगळी उत्तरं घेऊन येतात.

समाजमाध्यमांवर जाहीर तक्रार करण्याची घाई नको. अधिकाऱ्याला उत्तर द्यायची संधी देऊन झाल्यावर, ठरावाने, परिषदेच्या नावाने ती करता येते.

आम्हाला फक्त शोभेसाठी बसवलंय हे कसं ओळखायचं?

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना हाताशी धरून वापरणं, सजावटीसाठी उभं करणं आणि नाममात्र जागा देणं. या तिन्हींना त्यांनी सहभाग मानलंच नाही. खुणा ओळखायला कठीण नाहीत: निर्णय झाल्यावर मत विचारलं जातं, भाषण दुसऱ्याने लिहून दिलेलं असतं, उद्घाटनाला बोलावणं येतं पण बैठकीला येत नाही, कागदपत्रं सभेच्या दिवशीच हातात पडतात.

असं दिसलं तर राजीनामा ही पहिली पायरी नव्हे. आधी तीन गोष्टी लेखी मागा: सात दिवस आधी कागदपत्रं, स्थानिक संस्थेच्या मुख्य समितीच्या बैठकीत दोन युवा प्रतिनिधींना बोलण्याचा हक्क, आणि मागच्या वर्षीच्या सर्व ठरावांची सद्यस्थिती. दोन प्रतिनिधी मुद्दाम म्हटलं आहे. मोठ्यांच्या खोलीत एकटा तरुण दबतो, दोघं असले की एकमेकांना आधार होतो. ठरावांची यादी मागितल्यावर जर एकाही ठरावाला उत्तर नसेल, तर तो तक्ताच जाहीर सभेत ठेवा.

त्याच त्या हुशार, बोलक्या मुलांचीच परिषद होते. उपाय?

हा प्रश्न फार कमी परिषदा गांभीर्याने घेतात. सभा शाळेच्या वेळेनंतर लगेच ठेवली तर काम करणारे तरुण येऊ शकत नाहीत. उशिरा ठेवली तर दूर राहणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, परत जाणं अवघड होतं. प्रवासखर्च 'नंतर मिळेल' म्हटलं की ज्याच्या खिशात आज पैसे नाहीत तो येतच नाही, म्हणून तो सभेच्या जागी, त्याच दिवशी, रोख द्या. वर्षातल्या निम्म्या सभा वेगवेगळ्या वस्त्यांत घ्या. अपंग सदस्यांसाठी जागा ठरवताना 'रॅम्प आहे का' एवढंच न विचारता स्वच्छतागृहापर्यंत जाऊन पाहा. शाळा कायमची सुटलेल्या मुलांपर्यंत शाळेची सूचना पोचत नाही. तिथे खेळाचे संघ, कौशल्य वर्ग, वस्तीतल्या संस्था यांच्याकडून निरोप जायला हवा. आणि काही जागा त्यांच्यासाठी राखूनच ठेवा.

परिषद राजकीय पक्षांची असते का?

नसावी. सदस्याला वैयक्तिक मत असू शकतं, पण परिषदेच्या नावाने प्रचार नको. फिलिपिन्सच्या कायद्यात निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना युवा परिषदेची उमेदवारी करता येत नाही. कुठल्याही नियमावलीत घ्यावी अशी ही अट आहे.

पैसे हाताळावे लागतात का?

काही ठिकाणी लहान निधी मिळतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने २०१४ मध्ये १० लाख डॉलरचा वाटा कशावर खर्च करायचा हे १२ ते २५ वयाच्या तरुणांच्या मतदानावर सोपवलं. एवढा निधी नसला तरी शिस्त तीच: दोन सह्यांशिवाय खर्च नाही, पावतीशिवाय परतावा नाही, आणि दर सभेत खजिनदाराचा अर्ध्या पानाचा हिशेब. हरवलेली पावती हेच बहुतेक भांडणांचं मूळ असतं, तेव्हा खरेदीच्या जागीच तिचा फोटो काढून ठेवा.

पालकांची काळजी: मुलं तिथे सुरक्षित असतील का?

हे विचारायलाच हवं. परिषदेने बालसंरक्षणाचं लेखी धोरण आणि त्यासाठी जबाबदार व्यक्तीचं नाव द्यायला हवं. मोबाईलवरच्या गटात किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत आणि कुणाही प्रौढाने अल्पवयीन सदस्याला खासगी संदेश पाठवू नये. छायाचित्रासाठी वेगळी संमती घ्यावी. सदस्यत्वाची संमती त्याला पुरत नाही. एखाद्या सदस्याला स्वतःचा त्रासदायक अनुभव सभेत सांगायला भाग पाडू नये, मग विषय कितीही महत्त्वाचा असो.

आमच्याकडे युवा परिषदच नाही. सुरुवात कशी करू?

आठ-दहा जण जमवा, एकाच शाळेतले किंवा एकाच मित्रमंडळातले नकोत. एक लोकप्रतिनिधी आणि एक अधिकारी, असे दोघं शोधा. केवळ लोकप्रतिनिधी असेल तर निवडणुकीनंतर आधार जातो, केवळ अधिकारी असेल तर बदलीनंतर. मग एका पानाचा मसुदा लिहा: उद्देश, वयोमर्यादा, सदस्यसंख्या, निवडीची पद्धत, मुदत, सभा किती दिवसांनी, ठरावाला उत्तर किती दिवसांत. सहा महिन्यांचा प्रयोग म्हणून मंजुरी मागा. कायमस्वरूपी मंडळापेक्षा प्रयोगाला होकार लवकर मिळतो. त्या सहा महिन्यांत एकच विषय धरा आणि तो शेवटपर्यंत न्या.

माझी मुदत संपली. आता काय?

पुढच्या सदस्यांसाठी फाईल तयार करा. त्यात मंजूर ठराव, आवक क्रमांकांसह निवेदनं, आलेली उत्तरं, कोणत्या कामासाठी कोणतं खातं याची यादी, अर्थसंकल्पाच्या तारखा, अर्धवट कामांची स्थिती आणि सगळे पासवर्ड असावेत. एक महिना जुने-नवे सदस्य एकत्र बसले तर उत्तम. त्याहून बरं म्हणजे दरवर्षी निम्मेच सदस्य बदलावेत, म्हणजे चालू पाठपुरावा तुटत नाही आणि नव्यांना विचारायला कुणीतरी शेजारी असतं.